चहाच्या देशातील कॉफी

प्रश्न : चीन हा चहाचा देश, अशीच आमची समजूत आहे. अलीकडे मात्र ‘चिनी कॉफी’ असा उल्लेख वाचनात येतो. ही कॉफी खरोखर तेथेच पिकते काय? आणि लोक चहा सोडून कॉफीकडे का वळले?

उत्तर : पिकते, आणि जवळजवळ सगळी एकाच प्रांतात, म्यानमार, लाओस व व्हिएतनाम यांच्या सीमांना भिडलेल्या नैर्ऋत्येकडील युन्नानमध्ये. (कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा; त्यांपैकी रोबस्टा हैनान बेटावरही थोडी होते.) एका फ्रेंच धर्मोपदेशकाने या प्रांतातील झुकुला या डोंगरी गावात कॉफीची झाडे लावली, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली; परंतु व्यापारी लागवडीने जोर धरला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस, नेस्ले कंपनीने तेथे खरेदी सुरू केल्यानंतर. आज या पिकाचे मुख्य केंद्र आहे पुअर, म्हणजे ज्या शहराने पुअर या प्रसिद्ध चहाशी नाते सांगण्यासाठी २००७ साली आपले सिमाओ हे नाव टाकून दिले, तेच!

येथील मळ्यांत प्रामुख्याने कॅटिमोर हा अरेबिकाचा वाण आढळतो. त्यात रोबस्टाचा अंश असल्यामुळे तो तांबेरा रोगाला सहज बळी पडत नाही आणि उत्पन्नही भरघोस देतो. चवीचे पारखी मात्र त्याला नाके मुरडत आले आहेत. माझ्या मते हा दोष एकट्या वाणाचा नाही. माल इन्स्टंट कॉफीसाठी जाणार आणि भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारावर ठरणार, अशा व्यवहारात पिकलेली फळेच निवडून तोडण्याचे आणि बिया काळजीपूर्वक वाळवण्याचे कष्ट शेतकऱ्याने कशासाठी घ्यावेत? चोखंदळ गिऱ्हाईक देशातच मिळू लागल्यावर हे गणित बदलले, आणि युन्नानच्या काही मळ्यांतील कॉफी आता उत्पादकाच्या नावानिशी, चढ्या भावाने विकली जाते.

हे गिऱ्हाईक घडवण्यास निरनिराळ्या कंपन्यांचा हातभार लागला. स्टारबक्स या अमेरिकी कंपनीचे चीनमधील पहिले दुकान बीजिंगमध्ये जानेवारी १९९९मध्ये उघडले. तेथे कॉफीइतकेच महत्त्व निवांत बसण्याला होते. २०१७मध्ये स्थापन झालेल्या लकिन कंपनीने नेमकी ती बैठकच वगळली. फोनवरून मागणी नोंदवायची, लहानशा दुकानातून पेला उचलायचा आणि कामावर जायचे, अशी तिची रीत. विक्रीचे आकडे फुगवल्याचे २०२०मध्ये उघड होऊन अमेरिकेतील नॅसडॅक शेअर बाजारातून तिची हकालपट्टी झाली, तरीही २०२३पर्यंत चीनमधील दुकानांच्या संख्येत तिने स्टारबक्सला मागे टाकले होते. पेला ९.९ युआनला देण्याच्या तिच्या सवलतीने कॉफी रोजच्या खर्चात बसू लागली. लोकांनी चहा मात्र सोडलेला नाही. घरी चहा आणि कार्यालयात कॉफी, असे शहरी तरुणांपैकी अनेकांचे चालते. कडू, काळ्या कॉफीपेक्षा नारळाच्या दुधातील लाटे (म्हणजे भरपूर दूध घातलेली कॉफी) त्यांना अधिक रुचते.

प्रश्न : तेथे मद्य घातलेली कॉफी विकतात, हे खरे काय?

उत्तर : होय. लकिन आणि माओताई या मद्यनिर्मात्या कंपनीने सप्टेंबर २०२३मध्ये असा लाटे बाजारात आणला, आणि पहिल्याच दिवशी त्याचे ५४ लाखांहून अधिक पेले खपले. माओताई हे ज्वारीपासून गाळलेले, ५३ टक्के अल्कोहोल असलेले महागडे मद्य आहे. लाटेमध्ये मात्र अल्कोहोलचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. तरीसुद्धा अल्पवयीन मुले, गर्भवती स्त्रिया आणि वाहनचालक यांनी तो घेऊ नये, अशी सूचना कंपनीने दिली होती.