अमेरिकेत प्राध्यापकाने किती बोलावं?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होतेय. विद्यापीठावर जाहीर टीका केली तर नोकरी जाईल का?

उत्तर : विद्यापीठ सरकारी की खासगी, ते आधी पाहा. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचं, संरक्षण सरकारी विद्यापीठापुरतंच. खासगीत नेमणुकीचा करार आणि प्राध्यापकांची नियमपुस्तिका हाच आधार. तीत प्राध्यापकांच्या संघटनेचं (AAUP) शैक्षणिक स्वातंत्र्याचं १९४० चं निवेदन स्वीकारलंय का, हे सहीपूर्वीच तपासावं. सरकारी ठिकाणीही गोम आहेच. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या गार्सेटी निकालानुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला संरक्षण नाही. अध्यापन-संशोधनाचा प्रश्न न्यायालयाने तेव्हा मोकळाच ठेवला. त्यामुळे ‘मत वैयक्तिक’ असं स्पष्ट लिहावं, विद्यापीठाचा ईमेल टाळावा. टेन्युअर (कायमस्वरूपी नेमणूक) मिळेपर्यंत तर जास्तच जपून. काढून टाकण्यापेक्षा करार न वाढवणं विद्यापीठाला सोपं जातं.