पासवर्ड बदलला तरी अनोळखी माणूस माझ्या स्ट्रीमिंग अकाउंटमध्ये परत येतोय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की अकाउंटमध्ये अनोळखी नावाचं प्रोफाइल दिसलं, तुम्ही लगेच पासवर्ड बदलला आणि दोन दिवसांनी तो माणूस पुन्हा हजर. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला आधी दिसली ती अर्धवट राहिलेल्या कार्यक्रमांची ओळ. तिथे एक मालिका होती, सातव्या भागाच्या मध्यावर थांबलेली, आणि ती भाषा आमच्या घरात कुणालाच येत नाही. बघण्याचा इतिहास उघडला तर तीन दिवसांत सात भाग, आणि त्यातले दोन दिवस आम्ही टीव्ही लावलाच नव्हता. मी घाईघाईत पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड म्हणजे काय, तर जुन्याच्याच शेवटी एक आकडा वाढवला. चार दिवसांनी त्याचा आठवा भागही बघून झाला होता.

मला तेव्हा माहीत नव्हतं की नुसता पासवर्ड बदलल्याने आत असलेला माणूस बाहेर पडेलच असं नाही. एकदा लॉगिन झालं की टीव्हीत किंवा फोनमध्ये एक टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची डिजिटल खूण, साठवलं जातं आणि पुढे त्याच्यावरच काम चालतं, पासवर्ड रोज विचारला जात नाही. म्हणून पासवर्ड बदलताना ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ हा पर्याय शोधून दाबावाच लागतो. नेटफ्लिक्समध्ये तो अकाउंटच्या सेटिंगमध्ये आहे, स्पॉटिफायमध्येही तशी सोय आहे. काही सेवांमध्ये तो परिणाम सगळ्या डिव्हाइसवर पोचायला काही तास लागतात, तेव्हा दहा मिनिटांत काही घडलं नाही म्हणून घाबरू नका.

पण त्याच्याही आधी तुमचा ईमेल तपासा. हे मी कळकळीने सांगते, कारण माझं सगळं तिथेच अडलं होतं. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर बघितले तर तिथे मी कधीच न बनवलेला एक फिल्टर होता: त्या सेवेकडून येणारा प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये. ‘नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं’ असे चार मेल तिथे न वाचलेले पडले होते. ते बघून माझे हातपाय गार पडले. ज्याच्या हातात मेल आहे तो ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करून तुमचा कितीही कठीण पासवर्ड दोन मिनिटांत बदलू शकतो. म्हणून आधी मेलचा पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड किंवा खात्री मागणारी सोय) चालू करा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग (मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) तपासा, रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर आणि मेल आपलाच आहे ना ते बघा. स्ट्रीमिंगच्या अकाउंटला त्यानंतरच हात लावा.

आता तो आत शिरला कसा? बहुतेक वेळा त्याला काही फोडावं लागत नाही. दुसऱ्याच एखाद्या साइटवरून फुटलेल्या ईमेल आणि पासवर्डच्या याद्या घेऊन एक प्रोग्राम त्या हजारो ठिकाणी टाकून बघतो. याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. २०२४ मध्ये रोकू या अमेरिकन स्ट्रीमिंग कंपनीने जाहीर केलं की याच पद्धतीने सुमारे ५ लाख ७६ हजार अकाउंटमध्ये शिरकाव झाला होता, आणि ते पासवर्ड त्यांच्याकडून गळलेले नव्हते. ४०० हून कमी अकाउंटवरून खरेदीही झाली. त्यानंतर त्यांनी सगळ्याच अकाउंटना टू-फॅक्टर, म्हणजे वर सांगितलं तसंच दुसऱ्या पायरीचं व्हेरिफिकेशन, लावलं. तुमचा मेल अशा कुठल्या गळतीत सापडला होता का, हे सायबरसुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं. माझा सापडला, एका जुन्या साइटच्या यादीत. तिथे मी एकदाच खातं उघडलं होतं आणि विसरूनही गेले होते. तोच पासवर्ड मेलला, तोच इथे. त्यामुळे नवा पासवर्ड जुन्याचा भाऊबंद नको. पासवर्ड मॅनेजरकडून (पासवर्ड बनवून साठवून ठेवणारं ॲप) लांबलचक आणि वेगळा बनवून घ्या.

मात्र कुणावर आरोप करण्याआधी एक बघा. डिव्हाइसच्या यादीत दिसणारं ठिकाण आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, अंदाजाने काढलेलं असतं. मोबाइल डेटा किंवा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) वापरला की तुमचाच फोन भलत्याच शहरात दिसू शकतो. प्रवासात हॉटेलच्या टीव्हीवर लॉगिन करून तसंच निघून आलात का, पूर्वी कुणा मित्राला पासवर्ड दिला होता का, हेही आठवा. तुमच्या बाबतीत मात्र नवं प्रोफाइल बनलंय, म्हणजे कुणीतरी आत येऊन ते बनवलंय.

पैशांचंही बघून घ्या. प्लॅन वरचा झालाय का, नवीन शुल्क कापलं गेलंय का. कार्डाचे बहुतेक ठिकाणी शेवटचे चार आकडेच दिसतात, त्यामुळे लगेच कार्ड बंद करायची गरज सहसा पडत नाही; पण तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवा. आणि अकाउंटवरचा ईमेलच त्याने बदलला असेल तर कस्टमर केअरशी बोलताना शेवटचं पेमेंट कधी झालं, किती झालं आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे हाताशी ठेवा. मालकी पटवायला हेच कामाला येतं. त्यांचा नंबर ॲपमधूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणारे काही नंबर भामट्यांचे असतात. ओटीपी मागितला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं की फोन ठेवून द्या.

सगळीकडून साइन आउट केलंत की घरातल्यांचे टीव्हीही बंद पडतील, तेव्हा त्यांना आधी सांगून ठेवा. नवा पासवर्ड ग्रुपवर टाकू नका, ज्याच्या त्याच्या टीव्हीवर स्वतः टाकून द्या. आणि हे सगळं करूनही तो परत आलाच, तर तुम्ही ज्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलताय तोच तपासा: ओळखीचं नसलेलं ब्राउझर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढून टाका, अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन करा, आणि ते होईपर्यंत पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. काही मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, पासवर्डच नव्हे, लॉगिनचं टोकनसुद्धा उचलून नेतात. पुढे काय झालं ते इथेच कळवा, कुठल्या पायरीवर अडलात तेही लिहा.