2024 मध्ये 121 आणि 2025 मध्ये 102 मॅच हरल्यावर शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमने जनरल मॅनेजर (जीएम) ख्रिस गेट्झला काढायला हवं होतं का?

नाही, निदान नुसत्या या आकड्यांवरून तर नाहीच. बेसबॉलमध्ये रोजची मॅच मॅनेजर बघतो, जीएम खेळाडू आणतो, देतो, ड्राफ्ट करतो म्हणजे नवी पोरं निवडून क्लबात घेतो, आणि ड्राफ्ट केलेलं पोरगं मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमधून, वर यायला तीन-चार वर्षं सहज जातात, त्यामुळे आज मैदानावर दिसतं ते बरंचसं आधीच्याने पेरलेलं असतं. इथेच बघा ना, ऑगस्ट 2023 मध्ये आधीचा जीएम रिक हान आणि त्याच्या वरचा केनी विल्यम्स, दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं, आणि पुढच्याच सीझनला टीम सलग 21 मॅच हरली, 1962 च्या न्यूयॉर्क मेट्स टीमचा एका सीझनमधल्या 120 हारींचा आधुनिक काळातला रेकॉर्डही मोडला. उलट 2025 ला येऊन 21 होमरन ठोकणारा कोल्सन माँटगोमेरी 2021 चा ड्राफ्ट, म्हणजे हानच्या काळातला! गेट्झला मार्क द्यायचेच तर डिसेंबर 2024 च्या ट्रेडवर द्या, गॅरेट क्रोशेसारखा पिचर (बॉल टाकणारा) बॉस्टनच्या टीमला देऊन त्याने कायल टील, चेस माइड्रॉथ धरून चार पोरं आणली, त्यातले हे दोघं 2025 मध्येच मेन टीममध्ये खेळले. फक्त एक आहे, गेट्झ काही बाहेरून आलेला नाही, जीएम व्हायच्या आधी याच क्लबमध्ये मायनर लीगची पोरं घडवायचं खातं त्याच्याकडेच होतं, तेव्हा "मला रिकामं घर मिळालं" असं त्याला पूर्णपणे म्हणता येणार नाही.