रणगाड्याची ‘टाकी’ कुठून आली?

प्रश्न असा आला आहे: “मुलगा नववीत आहे. पहिल्या महायुद्धाची उजळणी करताना त्यानं एका भाषांतरित व्हिडिओत ‘सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी प्रथमच टाक्या वापरल्या’ असं ऐकलं आणि वहीत तसंच उतरवलं. हे चालेल का? शिवाय महायुद्ध म्हणायचं की विश्वयुद्ध?”

अजिबात चालणार नाही. ‘रणगाडे’ लिहायला सांगा. रण आणि गाडा, दोन्ही शब्द घरचे, ऐकताक्षणी चित्र उभं करणारे. हिंदीनं ‘टैंक’वर काम भागवलं, मराठीनं स्वतःचा शब्द रुळवला. आणि आता यंत्रानं केलेल्या भाषांतरांतून ‘टाक्यांचा ताफा’, ‘टाकीविरोधी तोफ’ असलं काहीबाही पोरांच्या कानावर पडतंय. याचा मला मनापासून संताप येतो.

पण ही चूक ‘टँक’ हा इंग्रजी शब्द नेमका त्याच्या माहेरी आणून सोडते, म्हणून जरा थांबतो.

१९१४ सरता सरता पश्चिम आघाडी उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदकांत रुतून बसली. काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यापुढे पायदळ कापलं जात होतं. यातून वाट काढणारं चिलखती वाहन बनवायला ब्रिटिश नौदलखात्याचे मंत्री चर्चिल यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये एक समिती नेमली. तिचं नाव ‘लँडशिप्स कमिटी’, म्हणजे जमिनीवरच्या जहाजांची समिती. नावातच गुपित फुटायचं! तेव्हा डिसेंबर १९१५ मध्ये स्विंटन या लष्करी अधिकाऱ्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं कुणाला संशय येणार नाही असं नाव निवडलं: ‘टँक’. लिंकन शहरातल्या कारखान्यात सांगितलं जाई की ही मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीसाठी, पाणी वाहून नेणारी यंत्रं आहेत. काहींवर तर रशियन लिपीत ‘जपून, पेत्रोग्रादकडे’ (रशियाच्या तेव्हाच्या राजधानीकडे) असं रंगवलं होतं. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत फ्लेर-कूर्सलेतपाशी हे रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले. ४९ पैकी ३२ च ठरल्या जागी पोचले, पण नाव कायमचं चिकटलं.

मेसोपोटेमियाची थाप सहज खपण्यासारखी होती. त्याच डिसेंबरात ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तीत मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ च्या अखेरीस त्यांना शरण जावं लागलं. शाळेच्या टिपणांत हे क्वचितच येतं. तुमच्या मुलाच्या वहीत येऊ द्या.

आता शब्दाकडे. इंग्रजांनी ‘टँक’ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उचलला. गुजरातीत ‘टांकुं’, मराठीत ‘टाकें’, जुन्या लेखनात ‘टांकें’. इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या हॉब्सन-जॉब्सन कोशाचे कर्ते या शब्दाला दुहेरी उगम मानतात, एक भारतीय आणि एक युरोपीय. पोर्तुगीजांकडे ‘तांक’ होताच, आणि तो पाणी अडवणं या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला जातो. त्याचाच आधार घेऊन काही मंडळी आपलं टाकंसुद्धा पोर्तुगीजांनी दिलं असं ठोकून देतात. त्यांनी एकदा शिवनेरीवर जाऊन गंगा-जमुना टाकी बघावीत. अडवलेलं पाणी म्हणजे बंधारा. टाकं अडवून होत नाही, ते कातळात कोरावं लागतं. खांबटाक्यात (आत दगडी खांब राखलेल्या टाक्यात) वाकून पाहिलं की कडेच्या दगडावर छिन्नीचे तिरपे घाव ओळीनं दिसतात.

माझं मत या घावांवरच उभं आहे. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे दगड फोडायची छिन्नी. पाथरवटाच्या हातातली ‘टांकी’ ती हीच. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीतली टाकी पाण्याची नव्हे, छिन्नीची. टांकीनं कोरलं ते टांकें! ठोकून ठसा उमटवायचा तो टंक, नाणी पाडायची ती टांकसाळ, आणि टंकलेखनातला टंकही त्याच घरचा. इतकी सरळ वाट समोर असताना काहीजण टाकं ‘तडागा’तून, म्हणजे तळं या अर्थाच्या संस्कृत शब्दातून, आणतात. त्यांना माझा साधा सवाल आहे: ‘त’चा ‘ट’ का झाला, आणि अनुनासिक कुठून शिरलं? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. कान्हेरी आणि जुन्नरच्या प्राकृत शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय, टाकं नव्हे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वस्तू हीच होती, नाव दुसरं होतं. मला वाटतं, ‘पोढी’ हा दानलेखातला शब्द असावा आणि ‘टांकें’ कोरणाऱ्या कारागिराचा. पोढी बोलण्यातून गेली आणि कारागिराचा शब्द टिकला.

राहिलं विश्वयुद्ध. तो हिंदीचा शब्द आहे, हिंदीत शोभतो. मराठीत विश्व म्हटलं की ग्रहतारेसुद्धा आत येतात. १९१४ च्या पिढीनं इंग्रजीत त्याला ‘ग्रेट वॉर’ म्हटलं, त्याला ‘महायुद्ध’ तंतोतंत बसतं. १९३९ ला पुन्हा पेटलं तेव्हा मागे ‘पहिलं’ आणि पुढे ‘दुसरं’ लावलं की झालं. आणि सोमची ‘लढाई’ त्यानं बरोबर लिहिलीय, ती खोडू नका.