आधी डी.फार्म. की आधी कॅनडा? सोलापूरच्या एका ताईंना उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचे वय ४१, रसायनशास्त्रात २००४ साली बी.एस्सी. आणि २००६ साली एम.एस्सी., त्यानंतर आजवर विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणे. आता सोलापुरातच दोन वर्षांचे डी.फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, पूर्ण करावे आणि मग यजमान व मुलांसह कॅनडात जाऊन फार्मसिस्ट म्हणून काम करावे, हा बेत योग्य आहे का. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या डाईंगच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षे काम केले, २०१३ साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आले आणि २०१८ पासून येथे नोंदणीकृत फार्मसी टेक्निशियन आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

व्यवसाय अवश्य बदला, पण या क्रमाने बदलू नका. भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डी.फार्म. झालेल्या व्यक्तीला राज्य परिषदेकडे नोंदणी करून फार्मसिस्ट म्हणून काम करता येते, आणि तुम्हाला सोलापुरातच राहून स्वतःचे मेडिकल काढायचे असते तर मी हाच मार्ग सुचवला असता. कॅनडात मात्र फार्मसिस्ट होण्यासाठी विद्यापीठाची फार्मसीतील पदवी लागते. ती असेल तरच फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा कागदपत्रे तपासते, त्यानंतर मूल्यमापन परीक्षा आणि पात्रता परीक्षा घेते, आणि शेवटी ज्या प्रांतात राहायचे तेथील नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. पदविका या दाराशीच थांबते. अमेरिकेचे दार तर आणखी अरुंद आहे: १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांकडून तेथे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम अपेक्षित असल्याने आपल्याकडची चार वर्षांची बी.फार्म.सुद्धा पुरत नाही.

दुसरी अडचण वयाची आहे, आणि ती मला पहिल्यापेक्षा मोठी वाटते. कॅनडात कायम निवासासाठी गुणांवर अर्जदार निवडण्याची एक्सप्रेस एन्ट्री नावाची पद्धत आहे, आणि तिच्यात वयाला गुण असतात. जोडीदार सोबत येणार असेल, तर मुख्य अर्जदाराला ४१ व्या वर्षी ३५ गुण मिळतात, ४२ व्या वर्षी २५, ४३ व्या वर्षी १५, ४४ व्या वर्षी ५ आणि ४५ पासून शून्य. डी.फार्म.ची दोन वर्षे आणि त्यानंतरचे ५०० तासांचे प्रशिक्षण संपेपर्यंत तुम्ही चव्वेचाळिशीला टेकलेल्या असाल. म्हणजे जी पदविका तिकडे उपयोगाची नाही, तिच्यासाठी तुम्ही तीस गुण घालवाल. यजमान तुमच्यापेक्षा लहान असतील किंवा त्यांचे इंग्रजी अधिक चांगले असेल, तर मुख्य अर्जदार कोणी व्हायचे हेही दोघांनी बसून आकडे मांडून ठरवा. आमच्या घरी यजमानांच्या नावाने अर्ज केला, कारण हिशेब तसा निघाला.

तुमच्यासारखीला मी सुचवते तो मार्ग फार्मसी टेक्निशियनचा. ऑन्टॅरिओत २०१० पासून हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. डॉक्टरांनी लिहिलेले औषध त्या रुग्णाला योग्य आहे का, दुसऱ्या औषधाशी त्याचा काही विरोध आहे का, हे फार्मसिस्ट पाहतो. आणि लिहिले तेच औषध, त्याच ताकदीचे, तितक्याच संख्येने, बरोबर लेबल लावून बाटलीत गेले आहे का, याची अंतिम तपासणी टेक्निशियन स्वतःच्या सहीने करू शकतो. याखाली फार्मसी असिस्टंट असतो. त्याला नोंदणी लागत नाही, पण त्याला अंतिम तपासणीचा अधिकारही नाही. मी सुरुवात असिस्टंट म्हणून केली, मग मान्यताप्राप्त पदविका घेतली, बोर्डाच्या परीक्षेचे बहुपर्यायी आणि प्रात्यक्षिक असे दोन्ही भाग दिले, प्रांताची कायदा व नीतिमत्तेची परीक्षा दिली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी माझे नाव नोंदवहीत आले.

येथे गोळ्या स्ट्रिपमधून कापून देत नाहीत. मोठ्या डब्यातून ट्रेवर ओतून, चपट्या पट्टीने पाच-पाच सरकवून मोजतात आणि रुग्णाच्या नावाच्या लहान बाटलीत भरतात. प्रत्येक औषधाला आठ अंकी ओळख क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात. असिस्टंट म्हणून दुसऱ्याच महिन्यात मी हायड्रॉक्सिझिनऐवजी हायड्रॅलाझिनचा डबा काढला. एक खाजेवरचे औषध, दुसरे रक्तदाबाचे, आणि डबे एकाच फळीवर शेजारी शेजारी. तीस गोळ्या मोजून बाटलीत भरल्या, लेबल लावले आणि टोपली पुढे सरकवली. तपासणीला बसलेल्या बाईंनी डब्यावरचा क्रमांक लेबलाशी एक-एक अंक बोट ठेवून ताडला आणि काही न बोलता टोपली माझ्याकडे परत केली. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारखान्यात लॉट कार्डावरचा रंगाचा क्रमांक आणि वजन दोघांनी पाहिल्याशिवाय मी कधी रंगाचा बाथ लावू दिला नव्हता, कारण एक चूक म्हणजे टॉवेलांच्या अख्ख्या लॉटची छटा चुकलेली. आणि येथे औषध माणसाच्या पोटात जाणार असताना मी नाव अर्धे वाचून हात घातला होता. तेव्हापासून डबा उचलताना, मोजताना आणि परत ठेवताना, असा तीनदा क्रमांक वाचते. तुम्ही इतकी वर्षे प्रयोगशाळेत मुलांकडून बाटलीवरचे लेबल वाचून घेतले असेल, ती सवय या कामात सर्वांत मोलाची आहे.

नावांचीही तयारी ठेवा. आपल्या पॅरासिटामॉलला येथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, आणि आपण दुकानात ब्रँडच्या नावाने मागतो ती औषधे येथे बहुतेक मूळ नावानेच ओळखावी लागतात. आठ तास उभे राहण्याचे काम आहे, फोन सतत वाजतो, आणि सुरुवातीचा पगार किमान वेतनाच्या आसपासच असतो; नोंदणी झाल्यावर, विशेषतः रुग्णालयात, परिस्थिती बरीच सुधारते.

आता महाविद्यालयाच्या निवडीबद्दल लिहिते. माझ्या नात्यातल्या एका मुलीला एका एजंटाने खाजगी करिअर कॉलेजात फार्मसीच्या पदविकेला प्रवेश मिळवून दिला. फी भरली, अभ्यासक्रम पूर्ण झाला, आणि मग कळले की अशा कॉलेजातून शिकलेल्यांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळत नाही. तिला भारतात परत जावे लागले. तुम्ही विद्यार्थी म्हणून यायचे ठरवलेच, तर कॉलेज सार्वजनिक आहे का, अभ्यासक्रमाला फार्मसी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या कॅनेडियन परिषदेची मान्यता आहे का, आणि नोव्हेंबर २०२४ पासून वर्क परमिटसाठी लागू झालेल्या विषयांच्या यादीत तो अभ्यासक्रम आहे का, या तिन्ही गोष्टी एजंटाच्या तोंडून न ऐकता मूळ ठिकाणी स्वतः वाचा. माझे मत विचाराल, तर आधी कायम निवासाचा अर्ज करून पाहा आणि शिक्षण इकडे आल्यावर घ्या. कायम रहिवाशाला फी परदेशी विद्यार्थ्याच्या मानाने पुष्कळ कमी पडते, आणि शिकत असताना घर चालवायला असिस्टंटचे कामही करता येते.

तोवर सोलापुरात दोन गोष्टी करा. पहिली, ओळखीच्या एखाद्या मेडिकलमध्ये महिनाभर संध्याकाळी बसा. सात रस्त्याला असो की पूर्व भागात, गिऱ्हाईक मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत बोलत येते. त्याला काय हवे ते नीट ऐकून घेणे तुम्हाला आवडते का, ते तेथे कळेल. दुसरी, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी आजच सुरू करा. श्रवणात ८ आणि वाचन, लेखन, संभाषणात प्रत्येकी ७ मिळाले, तर वयामुळे गेलेले बरेच गुण भरून निघतात.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. सोलापूर विद्यापीठ ऑगस्ट २००४ मध्ये सुरू झाले, त्यापूर्वी आपली महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे तुमच्या बी.एस्सी.ची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूरहून आणि एम.एस्सी.ची सोलापूरहून, अशा दोन ठिकाणांहून काढावी लागेल. कॅनडाच्या अर्जासाठी पदवी मूल्यांकन करणारी संस्था ती विद्यापीठाकडूनच मागते. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर गुणपत्रिकेवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव यांचा मेळ घालणारे कागद आधी तयार ठेवा आणि सुरुवात कोल्हापूरपासून करा.