लांब राहणाऱ्या आईबाबांशी व्हिडिओ कॉल करायचाय, कमी खर्चात वेबकॅम सेटअप कसा करू?

आधी नवीन काही घेऊ नका, लॅपटॉपला बहुतेक कॅमेरा असतोच आणि डेस्कटॉप असेल तर माईकवाला साधा ७२०पी यूएसबी वेबकॅम पुरतो, किंवा जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर ड्रॉइडकॅम (फोनला वेबकॅम बनवणारं अ‍ॅप) टाकून तोच वापरा. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप फुकटच आहेत, फक्त फ्री झूमवर ४० मिनिटांनी मीटिंग संपते, गूगल मीटवर दोघंच असाल तर तसली घाई नाही. खरं लक्ष आवाजाकडे द्या!! चित्र धूसर चालतं पण आवाज तुटत राहिला की वयस्कर माणसं बोलायचंच सोडून देतात, म्हणून इअरफोन लावा, राउटरजवळ बसा, अडकलं तर एचडी बंद करा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. आणि त्यांच्याकडचं सेटिंग कुणाकडून तरी आधीच करून ठेवा, त्यांना फक्त कॉल उचलायचं काम राहू दे.