कुंडीतली जुनी सेंद्रिय माती पुन्हा वापरता येते का?

टोमॅटोचे पीक निघाल्यावर कुंड्यांतली सेंद्रिय माती टाकून द्यावी की तिच्यातच पुढचे पीक घ्यावे, असे आपण विचारले आहे. टाकून देऊ नये. मी परभणीत गच्चीवर भाजीपाला घेतो आणि तीच माती दर हंगामानंतर सुधारून वापरतो. एका पिकाने माती निकामी होत नाही. तिच्यातले कंपोस्ट कुजून ती खाली बसते, नत्र कमी होते आणि बोअरच्या जड पाण्याने क्षार साचतात. कुंडीच्या काठावर दिसणारा पांढरा थर हा त्या क्षारांचाच.

खताचा विचार करण्याआधी कुंडी उपडी करून मुळे नीट पाहावीत. टोमॅटोची मुळे जागोजागी फुगून गाठाळ झाली असतील, तर ते सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचे काम असते. अशी माती, तसेच मर रोगाने झाड गेलेली माती, ओली करून, वीतभर थरात पसरून, मे महिन्यात चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकखाली कडा घट्ट दाबून तापू द्यावी. आपल्याकडच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. या उष्णतेत उपयुक्त जिवाणूही मरतात, म्हणून गांडूळ खत आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी) नंतरच मिसळावे.

निरोगी मातीतली जाड मुळे काढून ढेकळे फोडावीत आणि चार घमेली मातीला एक घमेले गांडूळ खत घालावे. मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरते. पेंड कुजताना माती तापते, म्हणून मिश्रण दोन-तीन आठवडे सावलीत ओलसर ठेवूनच रोपे लावावीत. कच्चे शेणखत टाळावे, कारण त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी येते.

राख किंवा चुना घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो आम्लधर्मी मातीसाठी ठीक आहे. मराठवाड्यातली काळी माती बहुधा चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते, शिवाय बोअरचे पाणीही त्याच बाजूचे. त्यात राख पडली की लोह पिकाला मिळेनासे होते, आणि कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. क्षारांसाठी मी जूनच्या पावसावर भिस्त ठेवतो: खत मिसळण्याआधी माती भरलेल्या कुंड्या उघड्यावर ठेवून, तळाच्या छिद्रांतून पाणी भरपूर वाहून जाऊ देतो.

वांगी आणि मिरची टोमॅटोच्याच कुळातली असल्याने ती त्या कुंडीत लगेच घेऊ नयेत. सूत्रकृमी आढळले असतील तर त्या कुंडीत आधी झेंडू लावावा.